घरच्या घरी स्वतःची कटिंग: पहिल्यांदाच मशीन हातात घेणाऱ्यांसाठी

सगळ्यात आधी सांगून टाकतो, मी काही नाई नाही, दिवसभर ऑफिसात एक्सेल उघडून बसणारा माणूस आहे. पण मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, इंदूरात तर कर्फ्यूच, सलूनं बंद, आणि इथल्या मे महिन्याच्या उन्हात मानेवर केसांची गोधडी घेऊन माणूस किती दिवस बसणार, म्हणून भावाकडे पडून असलेलं मशीन आणलं आणि तेव्हापासून माझी कटिंग मीच करतोय. लग्नकार्य असलं की अजूनही कोपऱ्यावरच्या नाईकडे जातो, ते वेगळं. आता ऑफिसातली नवीन पोरं विचारतात की दादा कसं जमवता, तर प्रत्येकाला चहा पिता पिता वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतोय. हे सगळं पुरुषांच्या साध्या, छोट्या केसांबद्दल आहे, फेड-बिड, म्हणजे बाजूचे केस खाली खाली बारीक करत नेणं, मला येत नाही. लांब केसांचं बायकोने सांगितलेलं थोडंसं मधे टाकलंय.

आणि एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. केस कापताना सहसा बिघडत नाहीत, कापून झाल्यावर "जरा इथे सारखं करतो" म्हणून जे सुरू होतं ना, त्यात बिघडतात. डावीकडे जास्त उडालं म्हणून उजवीकडे, मग उजवीकडे जास्त झालं म्हणून परत डावीकडे. दोन मांजरं आणि लोणी वाटणारं माकड, अगदी तसं. शेवटी लोणीच संपतं.

सामान काय लागतं

मशीन. इथे ट्रिमर आणि क्लिपर असे दोन प्रकार असतात आणि दुकानदार दोन्हीला मशीनच म्हणतो, त्यामुळे घोळ होतो. दाढीचा ट्रिमर अरुंद असतो, मोटर कमी ताकदीची, त्याने डोकं होतं पण तासभर लागतो आणि दाट केसात तो मधेच केस ओढतो, डोळ्यात पाणी येतं. डोक्यासाठीचं क्लिपर रुंद असतं, जड असतं आणि त्याला बाजूला एक छोटा खटका असतो. जमलं तर तेच घ्या. इंदूरच्या जेल रोडवर नाहीतर ऑनलाइन, कुठूनही घ्या, फक्त सोबत निदान चार तरी गार्ड आहेत ना बघा. गार्ड म्हणजे पात्यावर बसवायचा तो दातेवाला प्लास्टिकचा तुकडा, कोणी त्याला कॅप म्हणतं, कोणी नुसतंच "नंबर".

नंबरांवरून सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून नीट वाचा. सलूनमध्ये आपण "तीन नंबर मारा" म्हणतो तो तीन नंबर म्हणजे साधारण १० मिलिमीटर. एक नंबर ३ मिलिमीटर, दोन नंबर ६, चार नंबर १३, सहा नंबर १९ आणि आठ नंबर २५ मिलिमीटर. झिरो म्हणजे गार्डच नाही. पण दाढीच्या ट्रिमरवर जो गोल फिरवायचा आकडा असतो तो बऱ्याचदा सरळ मिलिमीटरमध्ये असतो. म्हणजे तिथे ३ लावलं तर ३ मिलिमीटरच, सलूनचा एक नंबर! माझा एक मित्र ह्याच्यातच भादरून निघाला, सलूनचा तीन समजून त्याने ट्रिमरचा ३ लावला आणि पहिला पट्टा मारल्यावर आतलं टाळकं चमकायला लागलं.

कात्री. केस कापायचीच घ्या, साडेपाच-सहा इंची. किचनमधली दुधाची पिशवी कापायची कात्री आणू नका, आईच्या शिलाईची तर अजिबात नको, एक तर केस कापून तिची धार जाते आणि दुसरं म्हणजे तुम्ही घरात राहू शकणार नाही. बोथट कात्री केस कापत नाही, चावते, म्हणजे केस पात्यांच्या मधे वाकतो आणि मग उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं. जमलंच तर एक दातेरी कात्री पण घ्या, ती एका वेळी थोडेच केस कापते त्यामुळे नवशिक्याच्या चुका झाकल्या जातात.

बाकी मग बारीक दातांचा कंगवा, हातात धरायचा आरसा, मानेभोवती गुंडाळायला जुना पंचा, पावडर आणि तुरटी. आमच्याकडे सगळे फिटकरी म्हणतात, तीच. बारीकसं कापलं तर ओली करून लावायची.

दिवस आणि जागा

घरात मोठी माणसं असतील तर दिवस निवडणं ही खरी पहिली पायरी आहे. आमच्या आईला मंगळवार चालत नाही, गुरुवार चालत नाही, शनिवार तर नाहीच, अमावस्या नाही, आणि सोमवारी तिचा स्वतःचा उपास म्हणून घरात केस उडलेले नकोत. राहिले बुधवार, शुक्रवार, रविवार. मी रविवार धरतो, पोहे खायच्या आधी, कारण कापल्यावर आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही आणि कशाला शिवायचं नाही, त्यामुळे पोहे-जलेबीच्या ओढीने काम उरकतं. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेही बघून घ्या. मानेवर बारीक केस टोचतायत आणि टाकीत पाणी नाही, हे मी भोगलेलं आहे.

आदल्या रात्री तेल लावू नका. खोबरेल तेलाच्या डोक्यात मशीन घातलं की केसांचा लगदा होऊन दात्यांमध्ये अडकतो आणि मशीन घुं घुं करत थांबतं. डोकं धुवा, पूर्ण वाळवा. मशीनला कोरडे केस लागतात, कात्रीला थोडे दमट चालतात. पण दमट म्हणजे दमट, निथळणारे नाही, कारण ओला केस ताणून लांब होतो आणि वाळला की वर चढतो, कुरळ्या केसांचं तर विचारूच नका, दोन बोटं कापले असं वाटतं आणि वाळल्यावर चार बोटं गेलेले असतात.

जागा म्हणजे बाथरूम, पण उजेड बघा. डोक्यावर एकच ट्यूब असेल तर कानामागे सावली पडते. मी बेसिनवरच्या आरशासमोर उभा राहतो, दार उघडं ठेवतो म्हणजे गॅलरीतला सकाळचा उजेड पण येतो. खाली जुन्या पेपरचे चार कागद पसरा आणि मोरीच्या जाळीवर एक कागद दाबून ठेवा, केस नाल्यात गेले की पुढच्या महिन्यात प्लंबर.

आता आधी फक्त बघा

मशीन चालू करायच्या आधी पाच मिनिटं डोकं ओळखा, हसू नका, खरंच. आपलं मागचं डोकं आपण आयुष्यात किती वेळा बघितलेलं असतं? हातातला आरसा मागे धरा आणि समोरच्या आरशात बघा. टाळूच्या जरा मागे भोवरा कुठे आहे, एक आहे का दोन, केस कुठल्या बाजूला फिरतायत. भोवऱ्याचे केस फार छोटे केले की उभे राहतात, मग पाणी लावा, जेल लावा, ते ऐकत नाहीत. मानेवर बोट फिरवा, कुठे केस वर जातात, कुठे आडवे. मशीन नेहमी केसांच्या उलट दिशेने चालतं, म्हणून मानेवर एका जागी खालून वर आणि दुसऱ्या जागी बाजूने फिरवावं लागतं, हे आधी माहीत असलेलं बरं. मागे तीळ किंवा चामखीळ असेल तर तीही आत्ताच चाचपून ठेवा.

मग मशीन बंद ठेवूनच दोन-तीन वेळा मागून फिरवून बघा. दोन आरसे समोरासमोर सरळ असले तर हात बरोबर जातो, पण मागचा आरसा जरा तिरका झाला की हात भलतीकडे पळतो. पहिल्यांदा अगदी लहान पोर पेन्सिल धरतं तसं वाटतं. होतं सवयीने.

बाजू आणि मागचा भाग

पहिल्या वेळी चार नंबर लावा. तुम्ही सलूनमध्ये दोन मारत असाल तरी चार. लांब राहिलं तर पुढच्या रविवारी तीन मारता येतो, पण कमी झालेलं चिकटवता येत नाही, केस महिन्याला जेमतेम एक-सव्वा सेंटीमीटर वाढतात.

कल्ल्यापासून सुरुवात करा, खालून वर, हळू. मशीन दाबायचं नाही, टेकवायचं. आणि आता जे सांगतो ते सगळ्यात महत्त्वाचं. डोकं जिथे गोल वळायला लागतं, म्हणजे कानाच्या वर साधारण चार बोटं, तिथे मशीन डोक्याबरोबर वळवायचं नाही, सरळ वर नेत केसांतून बाहेर काढायचं. इथल्या विमानतळाजवळच्या बिजासन टेकरीवर उभं राहून विमान सुटताना बघितलं असेल ना, धावपट्टी संपायच्या आत चाक उचलतं आणि सरळ निघतं, तसं. वळवलंत तर वरचे लांब केस पण साफ होतात आणि मग कटोरा उलटा ठेवल्यासारखं भलतंच काहीतरी तयार होतं. उजवी बाजू झाली की लगेच डावी करू नका, आधी मागे वळा, मागचं अर्धं करा, मग डावी, मग उरलेलं मागचं. असं केलं की दोन्ही बाजूंची उंची जुळवायचा मोह कमी होतो.

मागे आरसा फक्त अधूनमधून लागतो, बाकी काम हाताचं. डावा तळवा मागे डोक्यावर ठेवा, तो जिथे आहे तिथपर्यंतच मशीन जाईल. लॉकडाऊन उठल्यावर मी आमच्या नाईकडे गेलो होतो तर त्याने काही न बोलता आधी अंगठा माझ्या मागच्या डोक्यावरून खालून वर फिरवला आणि एका जागी थांबून म्हणाला, "यहां सीढ़ी छोड़ दी भिया." म्हणजे इथे पायरी राहिली. मला आरशात ती कधीच दिसली नव्हती. तेव्हापासून मीही डोळे मिटून अंगठ्यानेच तपासतो, पायरी असेल तर बोटाला ठेच लागल्यासारखी कळते.

पायरी काढायला एक नंबर मोठा गार्ड लावा, म्हणजे चार मारला असेल तर पाच नाहीतर सहा, आणि फक्त त्या रेषेवरून, हलकेच, बाहेर फेकल्यासारखं फिरवा. मशीनला बाजूचा खटका असेल तर तो खाली करा, केस मिलिमीटर-दीड मिलिमीटर लांब राहतात, वर केला की परत बारीक. दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ मशीन चालत असेल तर पातं मधे मनगटाला लावून बघा, तापलेलं असलं तर थांबा, मानेवर चटका बसतो.

माझ्या गार्डची गोष्ट

२०२० च्या मे महिन्यातली गोष्ट आहे, माझी दुसरीच कटिंग. उजवी बाजू मस्त झाली होती, मलाच कौतुक वाटत होतं. गार्डमध्ये केस अडकले म्हणून काढला, फुंकर मारली, ब्रशने झाडला आणि बेसिनच्या कडेला साबणाशेजारी ठेवला. तेवढ्यात बायकोने बाहेरून विचारलं की चहा टाकू का, मी म्हटलं टाक, आणि मशीन सरळ मागे लावलं. आवाजच वेगळा आला. गार्ड असताना खरखर असते, हा अगदी गुळगुळीत आवाज होता, आणि थंड वाटलं. बघतो तर गार्ड साबणाशेजारीच. भोवऱ्याच्या खाली तीन बोटं रुंद पट्टा, सरळ कातडी.

त्यावर इलाज नाही. मी अर्धा तास ते सारखं करायचा प्रयत्न केला, पट्टा रुंदच होत गेला, शेवटी सगळं डोकं झिरोने भादरून टाकलं. आता तुम्हाला माहीतच आहे आपल्याकडे असं डोकं केव्हा करतात, आणि त्यात तो काळ कसला. संध्याकाळी पुण्याच्या मावशीचा व्हिडिओ कॉल आला, तिने मला बघितलं आणि एक शब्द न बोलता रडायलाच लागली. आई मागून कॅमेऱ्यात येऊन हात हलवेपर्यंत तिचा श्वास परत आला नाही. मग जी बोलणी बसली ती वेगळीच.

तर गार्ड साफ करायला काढलात की मशीन बंद करायचं आणि डोक्याला लावायच्या आधी पात्यावरून बोट फिरवायचं. दर वेळी. मी अजून करतो.

वरचे केस

इथे मशीन ठेवून द्या, किंवा अगदीच सोपं हवं असेल तर आठ नंबर लावून पुढून मागे फिरवा आणि मोकळे व्हा. भोवऱ्याशी मात्र हात आखडता घ्या.

कात्रीने करायचं तर केस दमट करून पुढे विंचरा, पहिल्या दोन बोटांच्या चिमटीत एक पट्टा धरा, सरळ वर ओढा आणि बोटांच्या वर जे दिसतं त्यातलं एक सेंटीमीटरच कापा. मग त्याच पट्ट्यातले थोडे केस सोबत घेऊन पुढचा पट्टा धरा, म्हणजे किती कापलंय ते कळतं. बोटं डोक्यापासून दर वेळी तेवढ्याच अंतरावर हवीत, नाहीतर पुढे टेकडी आणि मागे खड्डा. कात्री आडवी चालवून सरळ रेघ मारू नका, जरा उभी धरून टोकं टोकं कापा, सरळ रेघेत एक केस चुकला तरी दिसतो, टोकाटोकाने कापलं की लपतं. कपाळावरचे केस पूर्ण वाळल्यावरच कापा आणि मनात जे ठरवलंय त्यापेक्षा बोटभर लांब ठेवा.

पोराची पण मीच करतो आता. लहान मुलांचं एकच सांगतो, ती पाचव्या मिनिटाला हलतात, म्हणून अवघड भाग आधी, सोपा नंतर, आणि मशीन आधी दोन मिनिटं त्याच्याच हातात चालू करून द्या म्हणजे आवाजाची भीती जाते.

लांब केसवाल्यांसाठी बायकोचं म्हणणं असं की घरी फक्त फाटे फुटलेले शेंडे काढावेत, नवीन स्टाइल करायला जाऊ नये. मधोमध भांग पाडून दोन्ही भाग खांद्यावरून पुढे घ्यायचे, हनुवटीखाली रबर लावायचं, ते खाली सरकवत न्यायचं आणि रबराखालचं अर्धा इंच कापायचं. मागचे केस पुढे यायला जास्त अंतर तोडतात, त्यामुळे मागे आपोआप व्हीसारखा आकार येतो, तो नको असेल तर दुसऱ्या कोणाला तरी मागून सरळ कापायला सांगा. (तो दुसरा कोणी म्हणजे मी, आणि मला अजून परवानगी नाही.)

कान, कल्ले, मान

कानाभोवती गार्ड काढून करावं लागतं म्हणून शेवटी ठेवलंय. कान दुसऱ्या हाताने खाली दुमडा, मशीन उलटं धरा म्हणजे पात्याचं टोकच टेकेल, आणि कानाच्या कडेकडेने छोटे छोटे टेकवत जा, एका झटक्यात गोलाई मारायला जाऊ नका.

कल्ल्यांची उंची कानावरून मोजू नका, बऱ्याच जणांचे दोन कान एका पातळीत नसतात, माझे तर नाहीतच. दोन्ही हातांच्या तर्जनी दोन्ही कल्ल्यांच्या खाली टेकवून सरळ आरशात बघा, बोटं आडवी एका रेषेत दिसली की झालं.

मानेला डावं बोट आडवं ठेवा, जिथे केस नैसर्गिक संपतात त्याच्या जरा खाली, आणि खालून मशीन त्या बोटापर्यंतच आणा. बोट हीच रेघ. ही रेघ वर वर सरकवायची नाही, थोडी वाकडी दिसली तरी. वर सरकली की खाली दोन दिवसांत खुंट येतात आणि मान दाढी वाढल्यासारखी दिसते. हा एक भाग घरात कोणाकडून करून घेतलात तरी चालेल, लाज वाटून घेऊ नका.

मग मशीन बंद करा, प्लगमधून काढा, आणि बाथरूममधून बाहेर, म्हणजे आंघोळ करून बाहेर. आरशात काही वाकडं दिसलंच तर दिसू दे. ताजे कापलेले केस कसेही उभे असतात, एकदा धुवून, एक रात्र झोपून सकाळी बघा, अर्ध्या चुका आपोआप बसलेल्या असतात. उरलेल्या अर्ध्या कात्रीने, एकेक केस.

आवरताना

पेपर चारी बाजूंनी दुमडून पुडी करा, फॅन बंद ठेवूनच. थोडे केस मी कढीपत्त्याच्या कुंडीत मातीखाली पुरतो, केसात नायट्रोजन असतो, फक्त कुजायला महिने लागतात. बाकीची पुडी सकाळी कचरागाडीवर, आणि इंदूरात आहात तर ओल्या-सुक्याच्या बाबतीत गाडीवाल्याशी वाद घालू नका, तो म्हणेल त्या कप्प्यात टाका.

मशीनचं पातं ब्रशने झाडून चालू करा आणि दोन-तीन थेंब मशीनचं तेल सोडा, शिलाई मशीनचं चालतं. खोबरेल तेल नको, थंडीत ते आत गोठतं. एकच मशीन बाप-लेक वापरत असाल तर मधे पातं स्पिरिटने पुसा, कोणाच्या डोक्यात नायटा असेल तर तो पात्यावरून दुसऱ्याकडे जातो. घरात कोणाला तसलं काही झालंय वाटलं तर त्या वेळी मशीनच नको, डॉक्टर.

आणि डब्यात ठेवताना गार्ड वेगळे वेगळे पिशवीत भरू नका, चार नंबरचा मशीनला लावूनच ठेवा.